अमरावती की अकोला?

वऱ्हाडातल्या मुस्लिम घरांत हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी निवृत्तीला आले, मुलगी दहावीला चांगल्या टक्क्यांनी पास झाली, वडिलोपार्जित वाडा चार भावांत वाटला गेला, किंवा गावातल्या दुकानावर आता भागत नाही असे दिसू लागले, की चर्चा सुरू होते. दर्यापूर, मूर्तिजापूर, अंजनगाव, अकोट, बाळापूर, बार्शीटाकळी इथल्या कितीतरी कुटुंबांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत गाव सोडले. ज्यांच्या हाती पैसा किंवा नोकरीचे पत्र होते ते नागपूर-पुण्याला गेले. उरलेल्यांपुढे दोनच नावे असतात. मग कोणी म्हणते अमरावती मोठी, शांत, सुधारलेली. लगेच दुसरे कोणी म्हणते, पोट भरायचे तर अकोला.

माझे माहेर अकोल्याचे आणि सासर अमरावतीचे. त्यामुळे दोन्ही बाजूंचे टोमणे मला सारखेच पाठ आहेत. पण टोमण्यांवर घर बांधता येत नाही. म्हणून या वेळी दोन्ही शहरे जरा नीट मोजून पाहावीत असे ठरवले.

राहणीमान मोजायचे कसे, हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या लोकांनाही पडला होता. फक्त उत्पन्न मोजून माणसाचे जगणे कळत नाही, हे ठासून सांगणारे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी १९९० साली संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल काढला. अमर्त्य सेन त्यांचे केंब्रिजपासूनचे मित्र, त्यांचाही विचार त्यात होता. आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न या तिन्हींचा मिळून एक आकडा काढायचा. तो एकाच्या जितका जवळ, तितके जगणे बरे. महाराष्ट्राच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात हीच पद्धत जिल्ह्यांना लावली. त्यात राज्याचा आकडा ०.७५२ आहे. अकोला जिल्ह्याचा ०.७२२ आणि अमरावती जिल्ह्याचा ०.७०१.

म्हणजे अकोला पुढे! सासरी हे सांगितले तेव्हा कोणाचा विश्वास बसला नाही. पण यातली गोम समजून घेतली पाहिजे. हा आकडा जिल्ह्याचा आहे, शहराचा नव्हे. अमरावती जिल्ह्यात धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटातले दोन तालुके येतात. कुपोषण, बालमृत्यू, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, लांबचा दवाखाना, हे तिथले रोजचे जगणे. जिल्ह्याची सरासरी काढताना राजकमल चौकातला बंगला आणि कोरकू आदिवासीची झोपडी एकाच तराजूत पडतात. अकोला जिल्ह्यात असा मोठा दुर्गम पट्टा नाही. साक्षरतेत तर २०११ च्या जनगणनेत दोन्ही जिल्हे सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्क्यांच्या आसपास, खांद्याला खांदा लावून उभे आहेत. तेव्हा सरकारी आकडा बघून पेढे वाटण्यात अर्थ नाही, आणि तोंड पाडण्यातही नाही. घर शहरात घ्यायचे असेल तर शहराकडेच बघावे लागेल.

या दोन शहरांची चढाओढ आजची नाही. इंग्रजांनी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड ताब्यात घेतला आणि पुढे त्याचे दोन भाग केले. पूर्व वऱ्हाडचे मुख्य ठाणे अमरावती, पश्चिम वऱ्हाडचे अकोला. नंतर विभागाचा मोठा कारभार अमरावतीकडे गेला आणि तो आजही तिथेच आहे. विभागीय आयुक्त तिथे, दहावी-बारावीचे विभागीय मंडळ तिथे, १९८३ पासून विद्यापीठही तिथे. मुंबई-नागपूर रेल्वेची मुख्य वाट मात्र अकोल्यातून गेली आणि अमरावतीला बाजूला ठेवून बडनेऱ्यावरून पुढे निघाली. अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा काढावा लागला. माझ्या मते दोन्ही शहरांचा स्वभाव तिथेच ठरला. अमरावती ऑफिसांचे शहर झाले, अकोला बाजाराचे. अमरावतीत पगाराची तारीख महत्त्वाची, अकोल्यात तुरीचा भाव.

आता पाण्याकडे येऊ, कारण बाईमाणसासाठी शहराची खरी परीक्षा नळावर होते. अमरावतीला पाणी येते मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून. धरण मोठे आहे, उपयुक्त साठा सुमारे ५६४ दशलक्ष घनमीटर. नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला याच धरणाचे पाणी देण्यावरून मोठा वाद झाला होता आणि शेतकऱ्यांचा राग योग्यच होता. तरी शहराच्या घागरीपुरते पाणी धरणात सहसा असते. अकोल्याची भिस्त महान गावच्या काटेपूर्णा प्रकल्पावर आहे. त्याची क्षमता जेमतेम ८६ दशलक्ष घनमीटर. त्यातूनच खांबोरा योजनेतल्या ६४ खेड्यांना द्यायचे, मूर्तिजापूरला द्यायचे, उरले तर शेतीला सोडायचे. पाऊस एक वर्ष रुसला की महानचा तळ दिसतो. म्हणून अकोल्यात नळ रोज येत नाही. तीन दिवसांनी, पाच दिवसांनी, टंचाईत त्याहूनही उशिरा येतो. अकोल्याच्या प्रत्येक घरात टाकी, त्यावर टाकी, शिवाय बाथरूममध्ये ड्रम. माहेरी लग्नाची तारीख ठरवताना अम्मी आधी मौलवी साहेबांना आणि मग नळाच्या पाळीला विचारत असे, असे आम्ही गमतीने म्हणतो. ती गंमत फारशी खोटी नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी बाहेरच्या लोकांना माहीत नसते. पूर्णा नदीच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा आहे. अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर, भातकुली इथल्या शेकडो गावांत जमिनीखालचे पाणी खारट आहे. विहीर खोदली तरी चहा फाटतो, डाळ शिजत नाही. या पट्ट्यातल्या गावांमध्ये मूत्रपिंडाच्या आजाराची तक्रार वर्षानुवर्षे आहे. प्रादेशिक योजनांचे नळ गेले तिथे फरक पडला, पण नळ कोरडा पडला की लोक पुन्हा हापशावर जातात. गाव सोडण्याच्या कारणांमध्ये शिक्षण आणि धंदा यांच्या जोडीला हे पाणीही धरले पाहिजे. शहरातला प्लॉट घेतानाही, खासकरून नदीकाठच्या नव्या ले-आउटमध्ये, बोअरचे पाणी चाखून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नये.

उन्हाचे काय सांगावे! अमरावती समुद्रसपाटीपासून साधारण ३४० मीटरवर, अकोला २८० च्या आसपास. फरक कागदावर थोडा आहे, पण मे महिन्यात तो अंगाला कळतो. २०२० च्या मेमध्ये अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. २०२४ च्या मे महिन्यात तर उन्हामुळे अकोला जिल्ह्यात जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. दंगलीचे कलम उन्हाला लागलेले आमच्या पिढीने पहिल्यांदा पाहिले! दुपारच्या शिकवण्या बंद ठेवा, कामगारांना सावली आणि पाणी द्या, असे आदेश होते. अमरावतीचे ऊन काही थंडगार नाही, पण सुट्टीत दोन-अडीच तासांत चिखलदऱ्याला जाता येते, हे सुख अमरावतीकरांना आहे. रमजान उन्हाळ्यात यायचा ती वर्षे आठवली की अकोल्याच्या रोजेदारांना माझा मनापासून सलाम.

हवेच्या बाबतीत अमरावतीने खरोखर नाव कमावले. २०१९ मध्ये केंद्राने स्वच्छ हवेचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा ज्या शहरांची हवा ठरलेल्या मर्यादेत नाही अशांच्या यादीत अमरावती होती आणि अकोलाही. पुढे स्वच्छ वायू सर्वेक्षणात तीन ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांत अमरावतीने २०२३ मध्ये देशात पहिला क्रमांक मिळवला आणि २०२५ मध्ये पुन्हा पहिला. अकोल्याला अशी शाबासकी मिळाली नाही, पण तिथेही एक चांगली गोष्ट घडली होती. २०१८ च्या जानेवारीत मोर्णा नदी साफ करायला शहर उतरले. शाळेची मुले, बाया, व्यापारी, सगळ्या मोहल्ल्यांतले लोक जलकुंभी ओढत होते, आणि पंतप्रधानांनी रेडिओवरच्या भाषणात त्याचे कौतुक केले. जलकुंभी पुन्हा आली, हेही खरे. नाल्यांचे पाणी नदीत सोडणे थांबल्याशिवाय ती येतच राहणार.

दवाखान्याचा हिशेब सरळ नाही. अकोल्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २००२ मध्येच मिळाले. बुलढाणा-वाशिमचेही रुग्ण सर्वोपचार रुग्णालयात येतात. गर्दी अफाट असते, पण गरिबाला तज्ज्ञ डॉक्टर भेटतो. अमरावतीत १९८४ पासून डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते खासगी संस्थेचे. सरकारी महाविद्यालयासाठी शहराला २०२४ पर्यंत वाट बघावी लागली. पण अमरावतीकडे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, ज्याला लोक सुपर स्पेशालिटी म्हणतात. तिथे मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, त्यामुळे कार्ड आणि कागदपत्रे नीट असतील तर खर्चाचा डोंगर बराच उतरतो. खारपाणपट्ट्यातल्या कुटुंबांसाठी ही मोठी गोष्ट आहे. कागदपत्रांवर नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे ना, हे मात्र आजार येण्याआधीच बघून ठेवा. आधारवर 'शेख' आणि रेशन कार्डावर 'शे.' असले की आपली माणसे खिडकीवरून परत फिरतात.

शिक्षणात अमरावतीचा वारसा जुना. विदर्भ महाविद्यालय १९२३ चे, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चे. अकोल्याचे मोठे नाव म्हणजे १९६९ चे कृषी विद्यापीठ. पण आजच्या पालकांना त्याहून जास्त ओढ आहे ती अकोल्याच्या शिकवण्यांची. डॉक्टर-इंजिनिअर होण्याच्या प्रवेश परीक्षांसाठी आसपासच्या जिल्ह्यांतली मुले अकोल्यात खोली करून राहतात. उर्दू शाळा दोन्ही शहरांत आहेत आणि दहावीपर्यंत आपल्या मुली तिथे छान शिकतात. खरी अडचण अकरावीला सुरू होते. विज्ञान शाखा बहुतेक ठिकाणी इंग्रजीत. नीट परीक्षा २०१८ पासून उर्दूतूनही देता येते, मराठीतूनही येते, पण शिकवणीचा फळा उर्दूत लिहिला जात नाही. पहिले सहा महिने मुलगी गप्प बसून राहते आणि घरच्यांना वाटते तिचे मन लागत नाही. मन लागते, शब्द लागत नाहीत. नववीपासूनच विज्ञानाचे इंग्रजी शब्द घरी लिहून घेतले तर हे सहा महिने वाचतात.

रोजगारात मी अकोल्याला झुकते माप देते. डाळ मिल, तेल मिल, सरकी, कापड, भाजीबाजार, वाहतूक. थोड्या भांडवलावर उभे राहता येते आणि आपल्या समाजातली पुष्कळ माणसे त्या धंद्यांत आहेत. अमरावतीत नोकरी मोठी, पण ती शिकलेल्याला. नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत कापड कारखाने आले, आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. ते खरोखर उभे राहिले तर शिवणकाम जाणणाऱ्या बायांना काम मिळेल. तोवर कोणी त्या भरवशावर घर विकू नये. कापसाच्या या मुलखातच २००६ मध्ये पंतप्रधानांना शेतकरी आत्महत्यांसाठी पॅकेज जाहीर करावे लागले होते, आणि त्या सहा जिल्ह्यांत अमरावती आणि अकोला दोन्ही होते. शहरातल्या दुकानाचा गल्ला शेवटी खेड्यातल्या शेतकऱ्याच्या खिशावरच चालतो.

जाण्यायेण्यात पारडे हळूहळू फिरते आहे. पूर्वी अकोल्याचे स्टेशन म्हणजे वैभव होते. मुंबई-हावडा मार्ग तर होताच, शिवाय खंडवा-पूर्णा मीटरगेज. जयपूर-काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस अकोल्यातून जायची; एका बाजूला अजमेर, दुसऱ्या बाजूला हैदराबाद. जियारतला निघालेली कुटुंबे डबे बांधून त्या गाडीत बसायची. पूर्णेकडची बाजू २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली, अकोटपर्यंत गाडी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली, पण पुढे मेळघाटच्या जंगलाचा प्रश्न आला आणि खंडव्याची सरळ वाट अजून जुळली नाही. विमानाच्या बाबतीत अकोल्याची शिवणीची धावपट्टी १९४३ ची, तिचे रुंदीकरण-लांबीकरण ऐकत ऐकत लोक म्हातारे झाले. अमरावतीच्या बेलोऱ्याहून मात्र १६ एप्रिल २०२५ ला मुंबईचे विमान उडाले. समृद्धी महामार्ग अमरावती जिल्ह्यातून जातो, अकोला जिल्ह्याला शिवत नाही. आणि दोन्ही शहरांना जोडणारा रस्ता तर जगप्रसिद्ध: २०२२ च्या जूनमध्ये त्यावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून गिनीज विक्रम झाला. त्याआधी तो रस्ता इतकी वर्षे खड्ड्यांत का होता, याचा विक्रम कोणी नोंदवला नाही.

एक विषय टाळून चालणार नाही. घर बघताना आपण खिडक्या-दारे बघतो आणि मनात वेगळाच प्रश्न असतो, वस्ती कशी आहे? नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत हिंसाचार झाला, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात तेच झाले आणि एका माणसाचा जीव गेला. अमरावती शांत आणि अकोला तापट, असे म्हणणाऱ्यांनी या दोन तारखा शेजारी ठेवून बघाव्यात. दोन्ही वेळा सर्वात आधी रोजंदारीवाल्याची चूल बंद पडली, मग मुलांचे वर्ग बुडाले. दोन्ही शहरांत भाड्याची खोली बघायला गेलेल्या आपल्या मुलांना नाव सांगितल्यावर 'कालच गेली' हे उत्तर मिळते, आणि दोन्ही शहरांत संचारबंदीत दुधाची पिशवी भिंतीवरून देणारे शेजारीही मिळतात. परिणाम असा झाला की लोक पुन्हा ओळखीच्या मोहल्ल्यांकडे वळू लागले. वलगाव रोड, नागपुरी गेट, इकडे बैदपुरा, अकोट फाईल. तिथे जागा कमी, भाव चढे, नाल्या तुंबलेल्या. सुरक्षिततेची ही किंमत आपण महिन्याच्या भाड्यात मोजतो, पण ती हिशेबात कोणी लिहीत नाही.

एवढे सगळे मोजून झाल्यावर आमच्या आपांकडे बघा. आपा म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई, राहणार दर्यापूर तालुक्यात. तिथून अमरावती आणि अकोला जवळपास सारख्याच अंतरावर. त्यांच्या सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिस. धाकटी मुलगी उर्दू शाळेतून दहावी झालेली, डॉक्टर व्हायचे म्हणते. दुल्हेभाईंचा तुरी-हरभऱ्याचा लहानसा व्यवहार. अमरावतीत एक प्लॉट बघून ठेवलेला, थोडा बयाणाही दिलेला.

घरात महिनाभर खल चालला. सासूबाईंचे हित अमरावतीत, मुलीचे अकोल्यात, धंद्याचे गावात. दुल्हेभाई म्हणत, "एकच घर, एकच चूल." आपा म्हणाल्या, "चूल एक ठेवून कोणाचे नुकसान करायचे ते तुम्ही सांगा, मी ऐकते." त्यावर ते बोलले नाहीत. शेवटी सासूबाईंनीच तोंड उघडले. त्या म्हणाल्या, मी धाकट्याकडे अमरावतीला राहते, सुई टोचायला मला सून नाही, नर्स लागते. पोरीची दोन वर्षे पुन्हा येणार नाहीत.

प्लॉटचा सौदा पुढे ढकलला आहे. आपा आणि मुलगी अकोल्यात दोन खोल्या घेऊन राहतात. दुल्हेभाई आठवड्यातून तीन दिवस गावी, एक दिवस अमरावतीत, उरलेले अकोल्यात. बसच्या तिकिटांचा खर्च त्यांनी वहीत वेगळा मांडला आहे. खोली ठरवताना आपांनी घरमालकाला भाडे नंतर विचारले. आधी विचारले की नळ कितव्या दिवशी येतो. पाचव्या, असे उत्तर आले, आणि परतताना त्यांनी हजार लिटरची टाकी बघायला रिक्षा बाजाराकडे वळवली.